सातव्या क्रमांकाचं गाणं

कोजागरीला मसाला दुधाआधी तासभर गाणी लावायची असं यंदा आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत ठरलं आणि यादीचं काम पोरांकडे गेलं. पोरांनी ते मन लावून केलं. 'सध्याची आवडती इंडी आणि डान्स गाणी' असं नाव देऊन चौदा गाण्यांची एक्सेल फाइल ग्रुपवर टाकली. गाणं, गायक, मिनिटं, सुचवणाऱ्याचा फ्लॅट नंबर, सगळे रकाने भरलेले. प्रतीक कुहाड होता, अनुव जैन होता, हनुमानकाइंडचं गाजलेलं इंग्रजी रॅप होतं, संजू राठोडची 'गुलाबी साडी' होती. सातव्या क्रमांकावर आगरी बोलीतलं एक हळदीचं गाणं होतं. आमच्या गेटपासून चालत दहा मिनिटांवरच्या गावठाणातल्या एका मुलाने ते केलेलं. संध्याकाळपर्यंत कोणीतरी त्या ओळीला लाल रंग फासून ठेवला.

मग व्हायचं तेच झालं. "हे इंडी नाही, हा डीजे आहे," असं एका काकांनी लिहिलं. "ही सोसायटी आहे, वरातीचा टेम्पो नव्हे," असं दुसऱ्यांनी. कोणी दहावीच्या मुलांची आठवण करून दिली, कोणी ज्येष्ठांच्या रक्तदाबाची. पोरांनी उलट विचारलं, इंग्रजीतली शिवी चालते आणि आगरीत नवरीची थट्टा केलेली चालत नाही का? मग मूळ गावातल्याच, पण आता आमच्याकडे फ्लॅट घेतलेल्या एका गृहस्थांनी ठिणगी टाकली: "आमच्या जमिनीवर राहता आणि आमची गाणी नकोत?" रात्री अकरापर्यंत शंभरावर मेसेज झाले. त्यातल्या एकाही मेसेजमध्ये कोणी ते गाणं पूर्ण ऐकलं असल्याची खूण नव्हती.

माझं मत आधीच सांगून टाकते. त्या यादीत इंडी म्हणावं असं सगळ्यात अस्सल गाणं सातव्या क्रमांकाचंच होतं. लाल रंग लागला तो त्याच्या आवाजामुळे नाही, शब्दांमुळेही नाही. ते ज्या दिशेने आलं, त्या दिशेमुळे लागला. डीजेच्या दणदणाटाने माझीही झोप उडते आणि त्याविरुद्ध भांडायला मी पहिल्या रांगेत उभी राहीन. पण आपण भांडतोय दणदणाटाच्या नावाने आणि वगळतोय गाणं. याला साप सोडून भुई धोपटणं म्हणतात.

इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. १९७७च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने मित्र आणि घरच्यांकडून पाचशे पौंड उसने घेऊन चार गाण्यांची छोटी तबकडी स्वतःच काढली, पहिल्या हजार प्रती. मोठी कंपनी नाही, कोणाची परवानगी नाही. अशा खटाटोपांतून त्या शब्दाला अर्थ आला. आपल्याकडे सिनेमातलं नसलेलं गाणं ते इंडी, इतपत तो उतरला, तेही ठीक होतं. पण हळूहळू इंडी हा एक सूर झाला. गिटार, कुजबुजता आवाज, खिडकीबाहेर पाऊस आणि न सांगितलेलं प्रेम. मला ती गाणी आवडतात. कुहाडचा आवाज सकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये फार सोबत करतो. बराक ओबामांनी २०१९च्या आपल्या आवडत्या गाण्यांत त्याचं एक गाणं घातलं, तेव्हा मलाही उगाच अभिमान वाटला होता. पण पुढच्याच वर्षी तो इलेक्ट्रा या, वॉर्नर या बड्या संगीत कंपनीच्या छत्राखालच्या अमेरिकी कंपनीशी करारबद्ध झाला. त्यात गैर काहीच नाही, कलावंताने पोट भरू नये का? प्रश्न एवढाच आहे की वॉर्नरच्या छत्राखाली गेलेला गायक इंडी आणि उसन्या माइकवर गाणारा गावठाणातला मुलगा 'डीजे', ही वाटणी कोणी केली? कोणत्या निकषावर?

त्या मुलाकडे मी गेले होते. माझ्या मुलाचा तो मित्र. खोटं कशाला बोलू, शब्द तपासायलाच गेले होते. कमिटीपुढे काय वाढून ठेवलंय ते आधी कळावं म्हणून. गावठाणातली घरं एकमेकांना इतकी खेटून की एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात ठसका लावते. पहिल्या मजल्यावर दहा बाय नऊची खोली, भिंतीला करडा फोम, दाराच्या आतून आईची जुनी गोधडी खिळ्यांनी ठोकलेली. माइकसमोर तारेचा हँगर गोल वाकवून त्यावर पायमोजा ताणलेला, 'प' आणि 'भ' म्हणताना हवेचा फटका माइकला बसू नये म्हणून. लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर उघडं होतं. मुलगा महापेला शिफ्टमध्ये नोकरी करतो. गाणं रेकॉर्ड करायचं ते रात्री एकनंतर, कारण दिवसभर कुकर, कुत्री आणि रिक्षा. पंखाही बंद करावा लागतो. मे महिन्यात एकेक कडवं म्हणून बाहेर यायचं, घाम पुसायचा आणि परत आत.

त्याने मला गाणं उलगडून ऐकवलं, एकेक थर बाजूला करत. आधी बेंजो. मग प्याड. मग कच्छी ढोल, त्याखाली तो पोटात घुसणारा बेस. "काकू, आता हे ऐका," म्हणून त्याने बाकी सगळं बंद केलं, आणि एका म्हातारीचा आवाज उरला. कापरा, पण सुरावरून न हलणारा. त्याची आजी धवलारीन होती. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले म्हणणारी ही बाई. हळद लावण्यापासूनचे विधी कित्येक घरांत तिच्या गाण्यावर पुढे सरकत आले आहेत; ती नुसती गाणारी नव्हे, लग्न लावणारी. आजीने आजारपणात खाटेवर पडल्या पडल्या म्हटलेला धवला त्याने फोनवर टिपून ठेवला होता. मध्येच कुठेतरी कोंबडी ओरडते, तीही त्याने राहू दिली आहे. मी विचारलं, हा आवाज गाण्यात बरोबर कसा बसला? तो म्हणाला, बसतच नव्हता. सगळं गाणं वेगळ्या पट्टीत तयार झालं होतं. आजीचा आवाज ओढूनताणून वर नेला की कार्टूनमधल्यासारखा व्हायला लागला. मग त्याने आजीला हात लावला नाही, अख्ख्या गाण्याची पट्टीच खाली आणली. स्वतःचं गाणं त्या खालच्या पट्टीत पुन्हा म्हटलं, बेंजोवाल्याला परत बोलावलं.

मी नौपाड्यात वाढले. वडिलांचा हात धरून गडकरी रंगायतनला नाट्यपदं ऐकली, साथीदाराने गाणाऱ्याची पट्टी सांभाळायची असते, हे तिथे कानावर पडलं. दहा बाय नऊच्या त्या खोलीत ते पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं.

आवाजाचा मुद्दा मात्र झटकून टाकता येणार नाही, आणि पोरांनी तो झटकला हे त्यांचं चुकलंच. सासूबाईंची बायपास झाली त्या मे महिन्यात समोरच्या रस्त्यापलीकडे हळद होती. रात्री दीड वाजता बाल्कनीची काच चौकटीत थरथरत होती आणि त्या उशी कानावर दाबून बसल्या होत्या. मी फोनवरच्या मीटरने मोजलं, ७८ डेसिबल, नवव्या मजल्यावर. फोनचं मीटर कोर्टात टिकणार नाही, पण अंदाज येतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ ही मर्यादा आहे. ४५ आणि ७८ यांत फरक फक्त ३३चा, असं वाटतं खरं. पण डेसिबलची शिडी दर दहा पायऱ्यांना दसपट चढते. म्हणजे माझ्या बाल्कनीत परवानगीच्या जवळपास दोन हजार पट ध्वनिऊर्जा येऊन आदळत होती. रस्त्यावर स्पीकरच्या भिंतींसमोर नाचणाऱ्या पोरांच्या कानांचं काय होत असेल? कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेत जो निकष धरतात, त्यात ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. हळद १५ मिनिटांत संपत नाही.

ठाण्यातल्याच एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६मध्ये सविस्तर निकाल दिला. लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं त्यात म्हटलं आहे. हे वाक्य आमच्या ग्रुपवर दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या अंगावर फेकलं गेलं. नीट वाचलं तर त्यात लाउडस्पीकर आहे, गाणं नाही. अभंग ९० डेसिबलने वाजला तर तो कायदा मोडतो आणि हळदीचं गाणं दिवसा ५० डेसिबलने वाजलं तर मोडत नाही. मीटरला जात नसते, बोली नसते.

किंबहुना मीटरला थोडं कमीच ऐकू येतं, आणि हा मुद्दा आमच्या भांडणात कोणीच काढला नाही. नियमांतलं मोजमाप 'ए' पद्धतीचं आहे, म्हणजे माणसाच्या कानाला हलका आवाज जसा ऐकू येतो त्या बेताने केलेलं. त्यात खर्जाचे सूर हातचे राखून मोजले जातात. ६३ हर्ट्झच्या आसपासचा आवाज २६ डेसिबलने कमी धरला जातो. आणि बाल्कनीची काच हलवणारा, छातीत धडधडणारा, बंद खिडकीतून आणि भिंतीतूनही आत येणारा आवाज नेमका त्याच पट्ट्यातला. म्हणून पोलीस येतात, मीटर धरतात, आकडा बघतात आणि तुमच्या काचेची थरथर त्या आकड्यात नीट दिसतच नाही. ज्यांना खरोखर झोप हवी आहे त्यांनी बेसचं वेगळं मोजमाप मागावं, खर्ज फारसा कमी न धरणाऱ्या 'सी' पद्धतीसाठी निवेदन द्यावं, नगरसेवकाला गाठावं. हे कष्टाचं काम आहे. एक्सेलच्या ओळीला लाल रंग देणं सोपं.

आणि तोच नियम सगळ्यांना लावावा. गेल्या गणपतीत आमच्याच गेटवर ढोल-ताशा पथक आलं होतं, पांढरे झब्बे, भगवे फेटे, उत्तम शिस्त. दहा फुटांवर माझ्या त्याच फोनने १०३ दाखवले. तेव्हा ग्रुपवर आले ते नमस्काराचे हात आणि 'अंगावर काटा आला' हे शब्द. काटा मलाही आला होता. जानेवारी २०२५मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, १८, १९ आणि २१ तारखेला. त्याआधी २०१७मध्ये जस्टिन बीबर, २०१९मध्ये यूटू तिथेच येऊन गेले. 'वरातीचा टेम्पो नव्हे' लिहिणाऱ्या गृहस्थांचा मनगटावर कोल्डप्लेच्या कार्यक्रमातला लुकलुकणारा पट्टा बांधलेला फोटो आजही त्यांच्या प्रोफाइलवर आहे. तिकीट माझ्याकडेही असतं तर मीही गेले असते. पण त्या रात्री स्टेडियमच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या सासूबाईंनी उशी कानावर दाबली असेलच ना? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे संगीताच्या बाबतीत आपण फार सफाईने करतो.

'आमच्या जमिनीवर राहता' हे वाक्य लागतं, कारण ते खरं आहे. मार्च १९७०मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या शेतजमिनी आणि मिठागरं नव्या शहरासाठी घेतली गेली. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ला उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आम्ही सेक्टरवाले या इतिहासावर पाय ठेवून रोज स्टेशनला जातो आणि बहुतेकांना तो माहीतही नसतो. दिबांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्या म्हणून जून २०२१मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा आमच्या इमारतीत त्याची चर्चा 'ट्रॅफिक आहे का' एवढीच झाली होती.

तरीही त्या वाक्यातून रात्री दीडचा डीजे सिद्ध होत नाही. आमच्या बाल्कनीपर्यंत तो आवाज रस्ता ओलांडून येतो. गावठाणात तो सहा फुटांच्या गल्लीत दोन्ही भिंतींना आपटतो. तिथे तान्ही बाळं नाहीत? तिथे बायपास होत नाही? त्या मुलाच्या आईने मला सांगितलं, "ताई, आजी शेवटच्या दिवसांत होती आणि शेजारी हळद, काय बोलणार, घरचीच माणसं." गावठाणाचा मान राखायचा तर आधी या बाईची झोप राखायला हवी. जमीन गेली तिची भरपाई सिडकोकडून मागायची असते, शेजारच्या आजारी म्हातारीकडून नाही.

शब्दांविषयी फार बोलत नाही, कारण मी ते तपासून आले आहे. नवरीच्या करवलीला चिडवलंय, नवऱ्याच्या पोटाची थट्टा आहे, बस. हळदीला बायका एकत्र बसल्या की काय काय म्हणतात, हे ज्या घरांत अजून म्हटलं जातं त्यांना विचारा. शिमग्याला कोकणात जे म्हणतात ते तर मी इथे लिहूही शकणार नाही. काही डीजे गाण्यांत बाईला केवळ कंबर म्हणून वागवलं जातं, हे मात्र खरं आहे आणि मला त्याचा राग येतो. तो राग हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर, इंग्रजी रॅपवरही तितकाच काढायची तयारी हवी. आमच्या यादीत बाकीच्या तेरा ओळी पांढऱ्याशुभ्र होत्या.

उरतो दर्जाचा मुद्दा, आणि सुसंस्कृत माणूस शेवटी त्याच्याच आडोशाला येतो. 'हे संगीतच नाही.' हे वाक्य आपल्याकडे कोणाकोणाला ऐकवून झालं आहे ते आठवून पाहावं. १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केलं. तिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, तिचे सूर आपले नाहीत. ते दार किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. ज्या पेटीवाचून आमचं नाट्यसंगीत उभं राहत नाही, ती पेटी तीस वर्षं अशुद्ध! मग १९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. माणूस विद्वान, शास्त्रीय संगीताची खरी तळमळ असलेला, आणि आपला मराठी. त्यांना सिनेमाची गाणी उथळ, परक्या वळणाची वाटत. रेडिओवरून ती आधी कमी झाली, मग जवळजवळ गेलीच. लोक बागेश्री ऐकायला लागले का? लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि सगळा देश अमीन सयानींचा झाला. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू करून सरकारला तीच गाणी मुकाट परत आणावी लागली. केसकरांनी ज्यांना हाकललं ती गाणी आज आमच्या सोसायटीत 'सुवर्णकाळ' म्हणून ज्येष्ठ नागरिक दिनाला लागतात.

नाचाच्या संगीतावर तर राग जास्तच असतो, का कोण जाणे. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या एका बेसबॉल मैदानात, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्या पेटीत भरून स्फोटाने उडवल्या गेल्या. प्रेक्षक मैदानात घुसले, इतकी नासधूस झाली की दुसरा सामना पाहुण्या संघाला बहाल करावा लागला. डिस्को हे संगीतच नाही, ही त्यामागची घोषणा. पण ते संगीत जिथून आलं होतं ते क्लब प्रामुख्याने काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी माणसांचे होते, हे पुढे अनेकांनी दाखवून दिलं. त्याच शिकागोत, तशाच क्लबांमधून, काही वर्षांत हाउस हे यंत्रांच्या ठेक्यावरचं नाचाचं संगीत जन्माला आलं. आज आमच्या पोरांच्या यादीतल्या 'डान्स' या शब्दामागे जे काही आहे, त्याचं एक मोठं मूळ तिथे आहे.

आणि एक मूळ मुंबईत असू शकलं असतं. चरणजित सिंग नावाचे वादक इथल्या सिनेमांच्या ध्वनिमुद्रणात वाजवत. १९८२मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले, एक तबकडी काढली आणि ती पडली. कोणाला कळेना हे राग आहेत की नाच. ती विसरली गेली. पाच-एक वर्षांनी शिकागोत जवळपास त्याच यंत्रांवर अ‍ॅसिड हाउस तयार झालं आणि जगभर गेलं. चरणजितची तबकडी कोणा परदेशी संग्राहकाच्या हाती लागून २०१०मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जगाने तोंडात बोट घातलं. सिंग म्हातारपणी परदेशांत कार्यक्रम करून आले. २०१५मध्ये ते गेले. शेजारच्या खोलीत काय तयार होतंय हे ऐकायची सवय नसली की असं होतं.

तरी मान्य करते, आगरी-कोळी डीजे गाण्यांतली पुष्कळशी साच्यातली आहेत. तोच बेंजोचा तुकडा, तीच एकवीरा आईची हाक, तोच थांबून आदळणारा बेस. चाली उचललेल्या असतात. पण चाल उचलण्यावरून नाक मुरडायचं तर नाट्यसंगीतवाल्या आम्ही आधी आरशात पाहावं. १९१६च्या 'स्वयंवर'ची पदं भास्करबुवा बखल्यांनी जुन्या बंदिशींच्या चालींवरच बसवली, त्याआधी अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी आणि कानडी चाली घेतल्या. चोरी आणि परंपरा यांच्यात अंतर असतं ते नाव सांगण्याचं. डीजेवाल्या पोरांनी ज्याची चाल त्याचं नाव लिहायला शिकलं पाहिजे, हा आग्रह मी धरीन. त्या मुलाने आजीचं नाव गाण्याच्या माहितीत पहिल्या ओळीत घातलं आहे, आपलं दुसऱ्या.

पैशाचा हिशेबही जरा ऐका. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय एक पैसाही लागू होत नाही, हा २०२४पासूनचा नियम. आणि हळदीचं गाणं खरं जगतं कुठे? हळदीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मधल्या एका पोटकलमाने लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ मानधनाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. तरतूद चांगल्या हेतूची आहे. लग्नघरात वसुलीला कोणी येऊ नये. पण तिचा अर्थ असा होतो की कुहाडचं गाणं कॅफेत वाजलं तर हक्काच्या पैशाची वाट तरी आहे, हळदीचं गाणं एका मोसमात शेकडो मांडवांत वाजलं तरी करणाऱ्याला शून्य. तो मुलगा पुढच्या गाण्यासाठी महापेच्या पगारातून पैसे साठवतोय. कंपनी नाही, सिनेमा नाही, मानधन नाही. इंडी या शब्दाचा याहून कोरडा अर्थ मला तरी सापडत नाही.

सगळ्यात जास्त मला बोचली ती यादीच्या खालची ओळ. पोरांनी इंडी-डान्सच्या नंतर 'लहान मुलांचा कोळी डान्स' ठेवला आहे आणि त्यावर कोणाचीही हरकत नाही. दर वर्षी असतो. ठाण्याहून भाड्याने लुगडी येतात, टोपल्या येतात, टोपलीत प्लास्टिकचे मासे. गाणं 'मी डोलकर'. शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लता आणि हेमंतकुमार. अप्रतिम गाणं, त्याच्या पहिल्या सुरावर मी आजही हातातलं काम थांबवते. पण शांताबाईंनी ते दर्याकडे बाहेरून पाहत लिहिलं, प्रेमाने पाहत लिहिलं. आता दिवा-ऐरोलीच्या खाडीवरचा, स्वतःच्या आजीचा आवाज घेऊन, 'ळ'चा 'ल' करत, आतून कोणी गातोय, तर आम्ही म्हणतो हे आपल्याकडे नको. पोशाख भाड्याने चालतो, मासे प्लास्टिकचे चालतात. खऱ्या माशाला वास येतो, ही तक्रार तर आमच्या लिफ्टमध्ये वर्षभर चालूच असते.

कमिटीची बैठक रविवारी सकाळी साडेदहाला क्लब हाउसमध्ये आहे. मी तीन गोष्टी लिहून नेणार आहे. यादी आहे तशी राहील. स्पीकर दोनच, बेसचं बटण सेक्रेटरींच्या हातात, आणि पावणेदहाला सगळं बंद, कोल्डप्ले असो वा हळद. तिसरी म्हणजे सातव्या गाण्यापुढे 'सुचवणारा' या रकान्यात माझा फ्लॅट नंबर. माझ्या मुलाने तो कालच घातला आणि लाल रंग काढला. आज सकाळी पाहिलं तर कोणीतरी पिवळा केला होता.